साहेबांची गाळणी

त्या नोटिशीतला एक एल गळला नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

पंप बनवणाऱ्या कंपनीच्या त्या शाखेत ती तेव्हा माल रवाना करणाऱ्या विभागात होती. कुठला पंप कुठल्या ट्रकने कुठे जायचा त्याचे कागद करायचे, ट्रकवाल्यांशी भांडायचं, दुपारी खिडकीपाशी बसून डबा खायचा. तिची काही तक्रार नव्हती. एकदा ती आपले कागद घ्यायला प्रिंटरपाशी गेली, तर तिथे मोठ्या साहेबांची नोटीस नुकतीच बाहेर येऊन पडली होती. कारखान्याच्या नव्या जागेबद्दल लोकांची सभा घ्यायची होती. नोटीस पेपरात छापायची होती, चौकाचौकात लावायची होती. मथळा ठळक इंग्रजीत. लिहायचं होतं 'पब्लिक मीटिंग'. पण 'पब्लिक'मधला एल कुठेतरी गळला होता, आणि मागे जो शब्द उरला होता तो शरीराच्या अशा भागाबद्दलचा होता, की ज्याची सभा कोणी चौकात भरवत नाही.

दुसरं कोणी असतं तर हसून कागद बाजूला ठेवला असता आणि चार जणांना दाखवला असता. तिला ते जमलं नाही. चुकीचं स्पेलिंग दिसलं की तिला घासात खडा आल्यासारखं व्हायचं, थुंकल्याशिवाय चैन पडायचं नाही. ती कागद घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि काही न बोलता त्या शब्दावर बोट ठेवलं. साहेबांना आधी कळेना. मग तिने जमेल तेवढ्या सभ्य भाषेत अर्थ सांगितला. साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी कागद फाडला, त्याचे तुकडे केले आणि ते टोपलीत न टाकता खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तेव्हा तिचं टेबल जागेवर नव्हतं. ते साहेबांच्या केबिनमध्ये, काचेच्या भिंतीला लागून लावलं होतं. आता साहेबांचं एकही इंग्रजी पत्र तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नव्हतं. "आधी गाळून घ्या," असं साहेब म्हणायचे. त्यावरून ऑफिसने तिचं नाव गाळणी ठेवलं. पगार चार पैशांनी वाढला, खुर्ची मऊ मिळाली, आणि दार साहेबांच्या पाठीमागे गेलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. वर्कशॉपमधून वर आलेला. बंद पडलेला पंप नुसता कानाने ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा. गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की समोरचा कशाला आलो तेच विसरून जायचा. पण इंग्रजीत दोन ओळी लिहायची वेळ आली की त्याच माणसाच्या कपाळावर घाम यायचा. तो लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा, आणि कागद तिच्या टेबलावर सरकवून डॉक्टरकडे रिपोर्ट दाखवायला आल्यासारखा उभा राहायचा.

चुका तरी किती तऱ्हेच्या. 'लूझ' म्हणजे गमावणं, त्यात ओ एकच. साहेब हटकून दोन घालायचे, आणि मग 'आपण गिऱ्हाईक गमावू' याचं 'आपण गिऱ्हाईक सैल करू' व्हायचं. 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' चिकटलेलं, 'रिटर्न'च्या मागे 'बॅक'. 'डेफिनिटली'त दर वेळी एक नवीन स्वर. 'इट्स'च्या डोक्यावरचा स्वल्पविराम नको तिथे बसलेला आणि हवा तिथून पळालेला. वह्या-पेन्सिलींची 'स्टेशनरी' ई घालून लिहायची, आणि ए घातला तर अर्थ होतो जागचं न हलणारं; साहेबांनी एकदा सगळ्या कर्मचाऱ्यांना जपून वापरायला सांगितलं ते हे दुसरं. तिने ए खोडून ई घातला आणि मनात म्हणाली, तो ए माझ्याच वाट्याला आलाय.

कारण तिला हलायचं होतं. तिचा नवरा बंदराच्या गावी होता, रात्रभराच्या प्रवासावर. तिथे जहाजाच्या धक्क्यावर त्याची नोकरी होती, आणि तिसरीतली लेक चिंगी त्याच्याजवळ राहत होती. शाळेतून आल्यावर चिंगीकडे नणंद बघायची. कंपनीचं एक छोटं ऑफिस त्या गावातही होतं. तिथली जागा रिकामी झाली की बदली मागायची, असं लग्नातल्या वचनासारखं ठरलेलं होतं. तोवर ती एका भाड्याच्या खोलीत राहायची. खोलीखाली चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे उशीपर्यंत चामड्याचा आणि डिंकाचा वास यायचा. सुट्टी जोडून आली की गावी जाऊन यायची.

तिथेही साहेबांचा फोन पाठ सोडायचा नाही. एकदा ती चिंगीला न्हाऊ घालत होती, हाताला साबण, आणि साहेब फोनवर विचारत होते की 'अॅडव्हाइस'मध्ये सी की एस. तिने सांगितलं, सल्ला असेल तर सी, सल्ला द्यायचा असेल तर एस. साहेब म्हणाले, दोन्ही आहे हो. तोवर चिंगीच्या डोळ्यात साबण गेला होता.

ऑफिसातही हळूहळू लोक तिच्यापासून अंग चोरायला लागले. जेवायला बोलवायचे नाहीत असं नाही, पण मोबाइलवर जो गप्पांचा गट होता त्यात ती आली की सगळे चिडीचूप. एकीने लाजत सांगितलं, अगं, तुला काही पाठवायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. तिला राग आला. ती कुणाला काही बोलत नव्हती. फक्त बघत होती. पण बघताना तिच्या कपाळावर एक आठी पडायची, ती तिला दिसत नव्हती आणि बाकी सगळ्यांना दिसत होती.

चिंगीला नुकतंच इंग्रजी लिहायला येऊ लागलं होतं. बाबांच्या फोनवरून तिने आईला पहिला निरोप पाठवला. तुझी आठवण येते, असं इंग्रजीत तीन शब्दांत. 'मिस'मध्ये एकच एस होता. ती तेव्हा केबिनमध्ये साहेबांचा लांबलचक अहवाल गाळत बसली होती, डोळ्यांपुढे नुसत्या अक्षरांच्या मुंग्या. तिच्या बोटांनी आपोआप उत्तर लिहिलं, 'मिसमध्ये दोन एस बाळा.' पाठवलं, आणि परत अहवालाला लागली. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की त्या निरोपाला आपण एवढंच उत्तर दिलं. मग तिने घाईघाईने खूप काही लिहिलं, पापे पाठवले. पण चिंगीकडून त्यानंतर शब्द आला नाही. कधी फुलाचं चित्र यायचं, कधी मांजराचं.

नवरा फोनवर भांडला नाही. तो भांडणारा नव्हताच. एवढंच म्हणाला, "अगं, तिला शिकवायला शाळेत बाई आहेत. आई तेवढी नाहीये."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बंदराच्या गावची जागा रिकामी झाली. तिथला माणूस निवृत्त झाला होता. तिने अर्ज केला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी शिफारस करून तो मुख्य ऑफिसकडे पाठवायचा, एवढंच काम. साहेबांनी अर्ज वाचला. म्हणाले, बघू. पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, बघतो म्हणालो ना. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"तुम्ही गेलात तर माझं कसं व्हायचं?" ते म्हणाले. त्यात दरडावणं नव्हतं. रस्ता चुकलेल्या माणसाने विचारावं तसं विचारलं, म्हणूनच तिला काही उलट बोलता येईना.

शाखेचे हिशेबनीस काका तिच्या वडिलांच्या वयाचे होते, आणि तिच्या आठीला न घाबरणारे तेवढे एकच. चहाच्या वेळी तिने त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. काकांनी बशीतला चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, हे बघ पोरी, दुभती गाय कोणी दावणीची सोडत नाही. तू आटलीस तर सोडतील. तिला कळलं नाही. काकांनी बशी खाली ठेवली. "गाळणीला भोक पडू दे," ते म्हणाले.

त्या विचाराने दोन रात्री तिला झोप लागली नाही म्हणायला हरकत नाही. मुद्दाम चूक सोडायची म्हणजे तिच्यासाठी गॅस चालू ठेवून घराबाहेर पडण्यासारखं होतं. पण चिंगीचं मांजर डोळ्यांपुढून जात नव्हतं. तिमाही अहवाल मुख्य ऑफिसला जायचा होता. कंपनीतला सगळ्यात मोठा कागद तो. वरचे सगळे तो वाचतात अशी ख्याती होती. साहेबांनी त्यात पहिल्याच पानावर गिऱ्हाइकं सैल केली होती. तिने तो शब्द पाहिला, पेन उचललं, आणि खाली ठेवलं. अहवाल गेला. त्या दिवशी तिला डबा गेला नाही. फोन वाजला की ती साहेबांच्या तोंडाकडे बघायची. आता वरून कोणीतरी हसेल, साहेबांना झापतील, साहेब म्हणतील या बाईचं आता लक्ष नाही, जाऊ दे हिला. असं सगळं तिने मनात रचलं होतं.

काहीच झालं नाही.

पुढच्या कागदात तिने तीन चुका सोडल्या. त्याच्या पुढच्यात तिची भीड चेपली आणि एक चूक तिने स्वतः घातली. 'सक्सेसफुल'मधला एक एस काढून टाकला. काढताना बोट कापल्यासारखं झालं. तरीही काही नाही. कागद जात होते, पोच येत होती, जग सुरळीत चाललं होतं. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं तिला वाटायला लागलं.

मग मुख्य ऑफिसचं पत्र आलं. साहेबांनी ते तिच्यापुढे धरलं तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. अहवाल सगळ्यांना फार आवडला होता. इतकी स्वच्छ भाषा इतर शाखांनीही वापरावी, असं सुचवलं होतं. आणि निवृत्तीला आलेल्या साहेबांना आणखी दोन वर्षं मुदतवाढ दिली होती. साहेबांनी सगळ्या ऑफिसला पेढ्यासारखं ते पत्र वाटलं. मग केबिनचं दार लावून तिला म्हणाले, हे सगळं तुमच्यामुळे. आता तर मी तुम्हाला कुठेच जाऊ देणार नाही.

पत्र तिच्या हातात होतं. अभिनंदन कळवणाऱ्या त्या अर्ध्या पानात 'रिसीव्ह'मधली दोन अक्षरं उलटी होती, 'कॉम्प्लिमेंट'मध्ये आयच्या जागी ई होता, आणि शेवटी लिहिलं होतं की तुमच्यासारखा माणूस कंपनी सैल करू इच्छित नाही.

ती खुर्चीत बसली. काचेपलीकडे लोक टेबलांमधून ये-जा करत होते, हसत होते, आणि काचेमुळे त्यांचा आवाज येत नव्हता. म्हणजे इतके दिवस ती ज्या पहाऱ्यावर बसली होती, तिथे चोर यायचेच नव्हते. ना कोणी बघत होतं, ना कोणाला दिसत होतं. नुसत्या साहेबांच्या धास्तीपायी ती इथे, आणि लेक तिथे. तिला रडू आलं नाही. अंगात एकदम थंडपणा आला आणि त्या थंडपणातच तिने खणातून अहवालाची आणि त्यानंतरच्या कागदांच्या प्रती काढल्या, लाल पेनाने एकेका चुकीभोवती गोल केला आणि त्या साहेबांपुढे ठेवल्या. शेजारी मुख्य ऑफिसचं पत्र ठेवलं. त्यातही गोल केले.

साहेबांनी सगळे कागद जवळ ओढून घेतले.

"या तुमच्या नजरेतून सुटल्या?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी सोडल्या," ती म्हणाली. "आणि ही एक मी घातली."

तिला वाटलं, आता हे ओरडतील. कामावरून काढलं तरी चालेल, म्हणजे तरी सुटेन, इथवर तिची तयारी होती. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी लाल गोलांवरून बोट फिरवलं, गोल मोजल्यासारखं.

"मग कोणाला कळलं कसं नाही?"

"कोणी वाचत नाही, साहेब. आणि वाचलं तरी त्यांनाही आपल्याइतकंच येतं."

साहेब उठले आणि काचेकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते तिला कधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि बहुतेक त्यांनीही कोणाला सांगितलं नसावं. ते वर्कशॉपमध्ये नवीन होते तेव्हा त्यांची आई वारली. रजेचा अर्ज इंग्रजीत लिहावा लागायचा. वारली याला एक भारदस्त शब्द आहे, 'डिसीस्ड', हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी कानाला लागेल तसा लिहिला, आणि लिहिला गेला तो 'डिसीझ्ड', म्हणजे आजारी. अर्ज टाकून ते गावी गेले. तिकडे ते आईला पोचवून आले, आणि इकडे वर्कशॉपच्या अधिकाऱ्याने अर्जावर शेरा मारला, 'मग डॉक्टरकडे न्या, रजा कशाला?' शेरा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवला गेला. साहेब परत आले तेव्हा फिटर लोक त्यांना विचारत होते, काय, आईची तब्येत कशी आहे? त्यांना आधी कळेना लोक असं का विचारतायत. आई गेली हे त्यांना एकेकाला सांगावं लागलं, आणि सांगताना समोरचा हसू दाबत होता.

"तेव्हापासून हात थरथरतो," साहेब म्हणाले. "पंपाची मोटर उघडताना नाही थरथरत. पेन धरलं की थरथरतो."

आपल्या कपाळावरची आठी तिला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवली, जसा चष्मा काढल्यावर नाकावरचा व्रण जाणवतो. तिने ती सैल करायचा प्रयत्न केला. जमलं की नाही, तिला कळलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "साहेब, माझी मुलगी मला लिहीत नाही. एका एससाठी."

तिने बाकीचं सांगितलं. सांगायला फार काही नव्हतंच. साहेबांनी ऐकलं आणि तिचा अर्ज खणातून काढला. तो तिथेच होता, सगळ्यात वर. शिफारस लिहायला पेन हातात घेतलं, टोक कागदावर टेकवलं, आणि तसेच थांबले. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. ती वळून म्हणणार होती की मी लिहून देते, तुम्ही सही करा. पण तिने जीभ चावली.

साहेबांनी पेन ठेवलं आणि फोन उचलला.

मुख्य ऑफिसच्या साहेबांशी ते बोलायला लागले आणि ती बघतच राहिली. साध्या घरच्या बोलीत, मध्ये हसत, मध्ये दटावत. माझ्याकडची एक बाई आहे, कामाला वाघ आहे, पण घर तिकडे आणि ती इकडे, तीनतिघाडा झालाय. नाही, कागद नंतर येईल, आधी शब्द द्या. तिकडून काहीतरी आढेवेढे आले असावेत. "अहो, गाय बांधून ठेवली तर दूध देते, पण वासराचं काय?" साहेब म्हणाले, आणि तिला हसू आवरेना, कारण काकांनी हेच गणित उलटं मांडलं होतं. चहा निवायच्या आत बोलणं संपलं. बदली मंजूर. फोन ठेवून साहेब स्वतःच चकित झाल्यासारखे त्याच्याकडे बघत बसले. इतकी वर्षं हे यंत्र टेबलावर होतं, आणि वरच्यांशी जे बोलायचं ते सगळं त्यांनी थरथरत लिहिलं होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, आता माझे कागद कोण गाळणार? तिने सांगितलं, कॉम्प्युटर बऱ्याच चुका दाखवतो, खाली लाल रेघ येते. साहेब म्हणाले, ती रेघ मला माहितीय, तिच्याच भीतीने मी तुम्हाला आणलं. दोघंही हसले, पण तिला ठाऊक होतं की उद्या सकाळी ते तसेच घाम पुसत बसणार आहेत. तिची सुटका झाली होती, त्यांची नाही.

बंदराच्या गावी दोन खोल्यांचं घर होतं. नवरा तिला घ्यायला आला होता. चिंगी दाराआड उभी राहिली, मग एकदम येऊन बिलगली, आणि पहिले चार दिवस आईचा पदर सोडायला तयार नव्हती. ती रात्री आईच्या अंगावर पाय टाकून झोपायची, सकाळी वेणी घालताना बडबड करायची. आईला वाटलं, झालं, सगळं जागेवर आलं.

शाळा सुरू झाली तेव्हा कळलं. संध्याकाळी चिंगी अभ्यासाला बसली. मराठीची वही उघडी असायची, गणिताची उघडी असायची. इंग्रजीची वही काढली की ती कोपर असं काही आडवं टाकायची, की कागदावरचं एक अक्षर दिसू नये. डोकंही खाली, कोपराच्या कुंपणात. आईने जवळून जाताना सहज बघितलं की पेन्सिल थांबायची. ती पुढे गेल्यावरच पुन्हा चालू व्हायची. हे पोरीने ठरवून केलेलं नव्हतं. अंगवळणी पडलं होतं.

तिने नवऱ्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, काही करू नकोस.

काही न करणं तिला कधी जमलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला स्वयंपाकघरात कोंडून घेतलं आणि नको तेवढी भांडी घासली. मान वळायला बघायची, आणि ती मान धरून ठेवायची. मग एका संध्याकाळी तिने मटारच्या शेंगा घेतल्या, चिंगीच्या टेबलापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसली, आणि पाठ लेकीकडे केली. समोर नुसती भिंत. भिंतीवर वाचण्यासारखं काही नव्हतं.

मागे पेन्सिल थांबली होती. ती शेंगा सोलत राहिली, दाणे पातेल्यात टपटप पडत राहिले. बऱ्याच वेळाने पेन्सिल कुरकुरली, थांबली, परत कुरकुरली. मग सलग चालायला लागली. चिंगी लिहिता लिहिता ओठांतल्या ओठांत अक्षरं म्हणत होती. त्यात एक अक्षर चुकलं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मानेची शीर ताणली गेली, ओठ उघडले.

तिने शेंग मोडली आणि दाणे पातेल्यात टाकले.